रोगाची साथ, लस आणि गावाचा विश्वास

सन २०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातील गोठ्यांतून लम्पी चर्मरोग झपाट्याने पसरू लागला. गाईबैलांच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठत, ताप चढे, पाय सुजत, जनावर चारा सोडी. आणि ऐन कामाच्या दिवसांत बैल दावणीला बसून राही. त्या वर्षी देशभर या रोगाने दगावलेल्या गुरांची संख्या सरकारी आकड्यांप्रमाणे दीड लाखांच्या वर गेली. राज्यात गुरांचे बाजार बंद ठेवण्यात आले, जनावरांच्या वाहतुकीस मनाई झाली, आणि पशुसंवर्धन खात्याचे कर्मचारी लशीच्या पेट्या घेऊन गावोगाव हिंडू लागले.

लस मोफत होती. ती टोचणारा माणूस बहुधा गावाच्या ओळखीचा होता. तरीही पुष्कळ गोठ्यांच्या दारात त्यास थांबावे लागले. "साहेब, ही बकरीची लस म्हणे. बकरीची लस गाईला कशी चालायची?" असे कोणी विचारी. दुसरा म्हणे, "शेजारच्या बैलाला टोचली आणि आठ दिवसांत त्याच्या अंगावर गाठी आल्या. आमचा बैल धडधाकट आहे, त्याला कशाला हात लावता?" टोचल्यावर दूध आटते, ही तक्रार तर घरोघरी होती. शिवाय शहराकडून एक निराळीच आवई उठली की, साथीच्या दिवसांत गाईचे दूध पिणे धोक्याचे आहे. तिने दूध घालणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळविले.

असे प्रश्न कानांवर आले म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्ता एक तर चिडतो, नाही तर 'लोक अडाणी आहेत' असा शेरा मारून पुढच्या गोठ्याकडे वळतो. दोन्ही रीतींनी काम अडून राहते. वरील शंका एका जातीच्या नाहीत. त्यांतील दुधाची आवई निराधार होती. बकरीच्या लशीचा प्रश्न कोणाही विचारी माणसास सुचावा असाच होता. आणि शेजारच्या बैलाच्या गाठींत कधी कधी टोचणाऱ्याचीच चूक दडलेली असते. या तिन्हींस एकच उत्तर देऊ गेल्यास कोणाचेच समाधान होत नाही. अविश्वास कसा उपजतो, कोणत्या खतपाण्यावर वाढतो आणि कशाने ओसरतो, हे पाहावयाचे असल्यास मुंबई इलाख्यातील प्लेगाच्या साथीसारखे दुसरे उदाहरण नाही. जुन्या गावांतून 'उंदीर पडले' हे शब्द त्या साथीच्या आठवणीने पुढेही कित्येक वर्षे दबक्या आवाजात उच्चारले जात.

मांडवीच्या वखारी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी काही रुग्ण तपासले आणि हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग होय, असे निदान केले. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. बंदराच्या जवळच तेथे धान्याचे साठे पडून असत, धान्यामागे उंदीर येत, आणि उंदरांच्या अंगावर पिसवा असत. रोगाची सारी साखळी त्या वखारींत उघडी पडलेली होती. प्लेगाचा जंतूही दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे सापडलेला होता. परंतु तो जंतू माणसापर्यंत कोणत्या वाटेने येतो हे कोणासच ठाऊक नव्हते, आणि ते निश्चित होण्यास पुढे दहा वर्षे जावी लागली.

वाट ठाऊक नव्हती, पण उपाय मात्र मोठ्या निश्चयाने सुरू झाले. घाण, दमट जमीन आणि कोंदट हवा यांतून रोग उद्भवतो, अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून गटारे धुतली गेली, घरांवर कार्बोलिक शिंपडण्यात आले, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले उतरविली गेली, जमिनी खणल्या, आणि रुग्णाच्या घरातील कपडे-अंथरुणे जाळून टाकण्यात आली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि घरझडती घेण्याचा, रोगी उचलून नेण्याचा, त्याच्या घरच्या मंडळींस छावणीत ठेवण्याचा अधिकार सरकारच्या हाती आला. आगगाडीच्या स्टेशनांवर उतारूंच्या काखा व जांघा तपासल्या जाऊ लागल्या. त्यातून स्त्रियाही सुटल्या नाहीत.

लोकांनी याचा काय अर्थ लावला? इस्पितळात नेलेला माणूस बहुतेक परत येत नाही, एवढे त्यांना दिसत होते. रुग्ण उशिरा, अगदी अखेरच्या अवस्थेत पोहोचत असल्यामुळे हे घडे. पण ते सांगणार कोण, आणि सांगितले तरी पटणार कोणास? मग बोलवा उठली की, तेथे माणसास उलटे टांगून त्याच्या अंगातून 'मोमियाई' काढतात. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले होते. त्यावरून दुसरी बोलवा अशी की, संतापलेल्या राणीने मुंबईकरांची काळजे मागविली आहेत आणि ती पुरविण्यासाठीच डॉक्टर माणसे गोळा करीत आहेत. त्याच महिन्याच्या अखेरीस सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथीच्या इस्पितळावर चालून गेले. १८९७ च्या आरंभीच्या महिन्यांत शहरातील निम्म्याच्या आसपास वस्ती मुंबई सोडून निघून गेली, आणि तिच्याबरोबर रोग कोकणात व देशावर गावोगाव पोहोचला.

पुण्यात तर तपासणीचे काम गोऱ्या शिपायांवर सोपविण्यात आले. स्वयंपाकघरात आणि देवघरात बुटांसह शिरणाऱ्या या पथकांविषयीचा क्षोभ शिगेस पोहोचला आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. हा इतिहास महाराष्ट्रास परिचित आहे. येथे नोंद घ्यावयाची ती त्यातील रोगप्रतिबंधाच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टीची. झडतीच्या भीतीने लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, धान्याच्या कोठीत, परसात रोगी दडविले जात. मृत्यू झाल्यास प्रेत गुपचूप पुरले जाई. जो उपाय रोग शोधून काढण्यासाठी योजिला होता, त्यानेच रोग दृष्टीआड केला.

त्याच पुण्यात त्याच महिन्यांत दुसऱ्या रीतीचेही काम चालले होते. सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगाच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्या सेवेत त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. लोकमान्य टिळकांनीही पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. उपचार करणारा कोण आहे, आपल्या माणसास भेटता येते की नाही, त्याच्या पोटात जाणारे अन्न कोणाच्या हातचे आहे, या गोष्टी त्या काळच्या माणसास औषधाइतक्याच मोलाच्या वाटत. एकाच रोगाच्या दोन इस्पितळांपैकी एकावर दगड पडत आणि दुसऱ्यात लोक आपण होऊन येत, याचे कारण येथे आहे.

लोकांचे निरीक्षण

लोकांच्या समजुती सगळ्याच खुळ्या होत्या असे मानण्याचे कारण नाही. उंदीर पडू लागले की गाव सोडावे आणि रानात झोपड्या घालून राहावे, हा शहाणपणा खेड्यांतील लोकांनी अनुभवाने मिळविला होता. गावातील उंदीर गावातच राहत, माणसे माळावर जात, साथ ओसरे. या रीतीचे शास्त्रीय कारण त्यांना सांगता आले नसते, पण रीत बिनचूक होती.

उलट शास्त्रज्ञांच्या सभेत काय चालले होते? १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून, उंदराच्या अंगावरील पिसू हीच रोगाची वाहक होय, असे दाखविले. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने ती गोष्ट मानली नाही. पुढे १९०५ पासून मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेत हा प्रश्न पुन्हा हाती घेण्यात आला. प्लेगाच्या घरांत गिनीपिग नावाचे लहान प्राणी पिंजऱ्यांतून टांगण्यात आले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राण्यांना प्लेग झाला. दोन फुटांवर टांगलेले वाचले. हवा दोघांनाही एकच होती. पिसवेची उडी खालच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचत होती, वरच्यापर्यंत नाही. इतक्या साध्या प्रयोगाने कार्बोलिकच्या पिंपांचा हिशेब चुकता झाला. सरकारी माणसाने घर धुऊन काढले तरी रोग हटत नाही, हे गावकरी सात-आठ वर्षे सांगत होते. त्यांच्या सांगण्यात तथ्य होते.

धान्याची कणगी, बळद आणि उंदीर यांचा संबंध शेतकऱ्यास कोणी शिकवावा लागत नाही. त्या काळी जर कोणी अधिकारी शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून 'उंदीर कोणत्या घरी आधी पडले?' एवढे विचारून लिहून घेत गेला असता, तर शास्त्राची काही वर्षे वाचली असती.

हाफकिन यांची लस

मुंबईत साथ भडकताच कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण करण्यात आले. रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे १८६० मध्ये जन्मलेले हे ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून हिंदुस्थानात आले होते आणि पटकीवरील लस त्यांनी येथे हजारो लोकांना टोचली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली आणि ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर ऑक्टोबर १८९६ मध्ये त्यांनी काम आरंभिले. मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले असता त्या थेंबांखाली प्लेगाचे जंतू झुंबरासारखे लोंबत वाढतात, असे त्यांना आढळले. हे जंतू उष्णतेने मारून त्यांची लस केली जाई. काढा बकऱ्याच्या मांसाचा असे. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळल्याने हिंदू वा मुसलमान कोणाचाच धर्म आड येऊ नये, हा विचार त्यामागे होता. प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाने खेड्यातील चुलीचा इतका विचार करावा, ही गोष्ट त्या धामधुमीत उठून दिसते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेहून मोठी. ताप आला, टोचलेली जागा दुखली, पण ते कामावर राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात आपखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. आगाखान यांनी आपल्या अनुयायांच्या मनातील भीती घालविण्यासाठी लोकांसमक्ष स्वतःस टोचून घेतले. १८९८ मध्ये हुबळी भागात तीस हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली.

शेतकऱ्यास विशेष पटेल असा प्रयोग बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी झाला. फेब्रुवारी १८९८ मध्ये या गावात प्लेग चालू असताना प्रत्येक कुटुंबातील माणसे एकत्र बोलावून त्यांतील निम्म्यांना लस टोचण्यात आली आणि निम्म्यांना तसेच ठेवण्यात आले. वयाने व प्रकृतीने दोन्ही वाटे सारखे पडतील, अशी काळजी घेतली होती. खताची परीक्षा घेताना शेतकरी एकाच शेतात एक वाफा खताचा आणि एक बिनखताचा ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र येथे वाफ्यांच्या जागी माणसे होती, आणि आज अशा रीतीने कोणास उघड्यावर ठेवण्याची परवानगी मिळणार नाही. पुढे त्या गावातील २८ कुटुंबांत प्लेग शिरला. या कुटुंबांत टोचलेली माणसे ७१ होती. त्यांतील ८ आजारी पडली व ३ दगावली. न टोचलेली ६४ होती. त्यांतील २७ आजारी पडली आणि २६ दगावली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांत हा फरक पडला.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. लस घेतलेल्यांपैकीही आठ जणांना रोग झालाच. 'लस घेतली की रोग होत नाही' असे जर कोणी त्या गावात सांगून गेले असते, तर त्या आठ घरांतून लशीची निंदा सुरू झाली असती आणि ती खोटी म्हणता आली नसती. 'लशीने रोग पुष्कळ कमी होतो आणि झाला तरी बहुतेक माणूस वाचतो' हे सांगणे फिके वाटते. परंतु ते टिकते.

लशीचा फायदा असा डोळ्यांपुढे असूनही बोलवा थांबल्या नव्हत्या. सुई हातभर लांब असते. टोचल्यावर पुरुषाचे पौरुष जाते आणि स्त्री वांझ होते. अमुक साहेबाने टोचून घेतले आणि अर्ध्या तासात तडफडून तो मेला. पंजाबात अशा बोलवा घरोघर पसरल्या होत्या. तरीही १९०२ मध्ये तेथे लाखो लोकांना लस टोचण्याची मोहीम निघाली आणि लोक पुढे येऊ लागले. नेमक्या त्या वेळी एक खरीच दुर्घटना घडली.

बाटली क्रमांक ५३-एन

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी पाच बाटल्यांतून १०७ गावकऱ्यांना लस टोचण्यात आली. सुमारे आठवड्याने काही जणांचे जबडे आवळू लागले. तो धनुर्वात होता. एकूण एकोणीस माणसे त्यात मेली. एकोणीसही जणांस ५३-एन या एकाच बाटलीतील लस दिलेली होती; उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्या कोणासही काही झाले नाही.

धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात, हे शेतकरी जाणतो. ते त्या बाटलीत कोठे शिरले? चौकशी समितीचा कल असा की, बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी. कारण हाफकिन यांनी लस लवकर तयार व्हावी म्हणून कृतीत बदल केला होता आणि कार्बोलिक घालणे सोडले होते. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. परंतु साक्षींत एक निराळी हकीकत नमूद होती. ती बाटली उघडताना बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो उकळून घेण्याऐवजी नुसता औषधी पाण्यात बुचकळून त्यानेच बूच काढण्यात आले. शिवाय बाटली उघडताच वास घेऊन पाहण्याचा नियम होता आणि त्या दिवशी वाईट वास आलेला नव्हता. धनुर्वाताचे जंतू कित्येक दिवस बाटलीत वाढले असते, तर दुर्गंधी सुटल्याशिवाय राहिली नसती. म्हणजे घाण शिरली ती मलकोवालच्या जमिनीवरून, त्याच सकाळी.

एवढी गोष्ट जाहीरपणे मान्य होण्यास पाच वर्षे लागली. हिवतापाचा डासांशी संबंध दाखविणारे रोनाल्ड रॉस आणि दुसरे नऊ शास्त्रज्ञ यांनी २९ जुलै १९०७ च्या लंडन टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांची निर्दोषता पुढे मांडली, तेव्हा सरकारने त्यांना परत बोलाविले. परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये. तथापि येथे हाफकिन यांच्यावरील अन्यायापेक्षाही पंजाबातील खेड्यांचा विचार अधिक करावा लागेल. दुर्घटनेनंतर ती मोठी मोहीम कोलमडली. काय चुकले, कोणाचे चुकले आणि आता ते पुन्हा होऊ नये म्हणून काय केले आहे, हे मलकोवालच्या शेजारच्या गावांना कोणी जाऊन सांगितले नाही. कागदपत्रे दप्तरात राहिली. ज्यांनी आधी खोट्या बोलवा पसरविल्या होत्या, त्यांना एक खरी गोष्ट सापडली, आणि तिच्या आधारावर बाकीच्या सगळ्या खोट्या गोष्टी खऱ्या ठरल्या. १९०७ या एका वर्षी देशात प्लेगाने बारा लाखांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत पंजाबचा वाटा सर्वांत मोठा होता.

पुन्हा गोठ्याकडे

आता २०२२ च्या गोठ्यातील शंका पुन्हा पाहाव्यात. बकरीची लस गाईला का? लम्पीचा विषाणू, शेळ्यांच्या देवीचा विषाणू आणि मेंढ्यांच्या देवीचा विषाणू हे एकाच कुळातील असून एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत की, एकाविरुद्ध अंगात आलेली शक्ती दुसऱ्यासही अडविते. साथ आली तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस देशात तयार होती. लम्पीची खास लस हिस्सार व इज्जतनगर येथील संस्थांनी सिद्ध केल्याची घोषणा ऑगस्ट २०२२ मध्ये झाली, पण ती लगेच गोठ्यांपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. म्हणून जवळच्या नात्यातील लस वापरली. वयस्कर शेतकऱ्यास याहून सोपे उत्तरही देता येते. त्याच्या दंडावर देवीच्या टोचणीची जी खूण आहे, तिचे मूळही असेच आहे. एडवर्ड जेनर यांनी १७९६ मध्ये माणसाच्या देवीविरुद्ध पहिली लस टोचली ती गाईच्या देवीची. गाईची लस माणसास चालली, तर बकरीची गाईस का चालू नये? हे उत्तर ऐकून शेतकरी हसतो आणि बहुधा दावे सोडून देतो.

दुधाची आवई निराधार होती. लम्पी माणसास होत नाही. उकळलेले दूध पिण्यास हरकत नव्हती. मात्र टोचल्यावर एक-दोन दिवस अंग गरम होते, टोचल्या जागी सूज येते आणि दूध थोडे उतरते, हे खरे आहे. ते आधी सांगितले तर शेतकरी दोन दिवस वाट पाहतो. नंतर सांगितले तर ती सबब ठरते.

उरला तो शेजारचा बैल. टोचल्यावर आठ दिवसांत गाठी आल्या, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले आहे. त्यास 'असे होतच नाही' म्हणणे म्हणजे त्याला खोटे पाडणे होय. लस टोचल्यापासून पुरते संरक्षण येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. तेवढ्यात माशी, डास वा गोचीड यांच्यामार्फत रोग शिरू शकतो. किंवा टोचतेवेळीच तो अंगात दबा धरून असेल. बहुतेक वेळा यांपैकीच काहीतरी झालेले असते. पण तिसरीही शक्यता आहे आणि ती कार्यकर्त्याने लपवू नये. एकच सुई गोठ्यागोठ्यातून फिरविली गेली असेल, तर ज्या जनावराच्या रक्तात विषाणू आहे त्याच्याकडून पुढच्या जनावराकडे सुईच रोग नेऊ शकते. मलकोवालचा चिमटा तो हाच. म्हणून प्रत्येक जनावरास निराळी सुई, लस बर्फात, विरघळविलेली बाटली उन्हात न ठेवता काही तासांत संपवावयाची, उरल्यास फेकून द्यावयाची, आणि आजारी जनावरास टोचावयाचे नाही. सुई बदलताना ती शेतकऱ्यासमोर बदलावी. त्याने पाहिले म्हणजे सांगण्याची गरज राहत नाही.

रोग लपविण्याच्या बाबतीतही १८९७ आणि २०२२ यांत एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. प्लेगात रोग कळविणाऱ्याच्या घराची कौले उतरत. लम्पीच्या साथीत राज्य शासनाने दगावलेल्या गाईस ३० हजार, बैलास २५ हजार आणि वासरास १६ हजार रुपये अर्थसाहाय्य दिले. त्यासाठी शेतकऱ्याने वर्दी देणे आवश्यक होते, आणि वर्दी दिल्याने त्याचे काही जात नव्हते, उलट काही मिळत होते. ज्या गावात या मदतीची माहिती आधी पोहोचली, तेथे जनावर आजारी पडल्याचे दडवून ठेवण्यास कारण उरले नाही. ज्या गावात रक्कम मिळण्यास विलंब झाला, तेथे पुढच्या खेपेस कार्यकर्त्याला त्याचा जाब द्यावा लागतो, मग तो विलंब त्याच्या हातचा असो वा नसो.

टोचणीच्या दिवसानंतर आठव्या दिवशी त्या गोठ्यांवरून पुन्हा एक फेरी करावी. ही फेरी बहुधा कामाच्या ओझ्याखाली राहून जाते. या फेरीत सूज राहिली आहे काय, दूध परत आले काय, गाठी कोठे दिसतात काय, एवढे पाहावे व लिहावे. लिहिण्यासाठी नोंदवहीत मालकाचे नाव, जनावराचा कानातील बिल्ला, टोचल्याची तारीख व वेळ आणि बाटलीवरील क्रमांक असे रकाने असतात. त्यांतील बाटलीच्या क्रमांकाचा रकाना रिकामा सोडण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आढळते, किंवा सायंकाळी घरी बसून तो एका ओळीने भरला जातो. मलकोवाल येथे १०७ नावांपैकी कोणत्या नावास कोणती बाटली लागली, हे त्याच दिवशी लिहिलेले होते. म्हणूनच एकोणीस मृत्यू एका बाटलीशी आणि ती बाटली एका पडलेल्या चिमट्याशी जोडता आली, आणि उरलेल्या अठ्ठ्याऐंशी जणांना आपल्या अंगात गेलेली लस निर्दोष होती, हे कळले.